अलगद

घणसोली गावातल्या आपल्या गॅरेजमध्ये धनेश गाडीखाली शिरला होता. सायलेन्सरच्या पाइपातला सेन्सर खाडीच्या खाऱ्या वाऱ्यानं गंजून घट्ट बसला होता.

"अरे, हाण ना जोरात, निघेल!" गाडीवाल्याला घाई.

"नाय साहेब. दुखवून काय निघत नाय. ऊब द्यायची, तेल पाजायचं, गोंजारत फिरवायचं."

सेन्सर अलगद हातात आला.

त्याच दुपारी त्याचा आजारी थोरला भाऊ गेला. नवऱ्याच्या उशाशी बसून बसून वहिनीचे पाय सुजले होते. बायका तिची जोडवी काढू लागल्या, ती निघेनात.

"भावजी, हळू काढा म्हना ना यांना," वहिनी कळवळली.

 

धनेशनं मान फिरवली. "वढा जोरानं. मानसं खोळंबलीत."