त्यातलं कमी वाईट

"मेथ आणि एमडी, या दोन्हींत जास्त वाईट कोणतं?" वडिलांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं आणि मान खाली घातली.

शेजारच्या खुर्चीत त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी बसली होती. घरात सापडलेली नशेची पुडी आपलीच, असं तिने आदल्या दिवशी कबूल केलं होतं. ते ऐकून आई मटकन खालीच बसली. वडील मात्र पोरीला एका शब्दानेही बोलले नाहीत. आयुष्यभर त्यांनी याच शहरात बस चालवलेली. कुणी ओळखू नये म्हणून आज ते दवाखान्याबाहेरच्या बाकावर तोंडाला रुमाल लावून बसले होते.

"मेथची नशा चढली की अर्धा दिवस उतरत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "झोप उडते, भूक मरते, दातांची वाट लागते. घरचीच माणसं वैरी वाटू लागतात. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, लवकर उतरतं, म्हणून ते हलकं वाटतं. पण उतरलं की हात पुन्हा पुडीकडे जातो. हृदय दोन्हींत फाटेस्तोवर धावतं."

"म्हणजे मेथ सोडून एमडी घेतलं, तर निदान..."

"आगीतून फुफाट्यात. शिवाय पुडीत काय कालवलंय, ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं."

वडिलांनी पाण्याचा पेला उचलला. थोडं पाणी सांडलं. मुलीने ते पुसलं.

"घेतल्यावर तुला काय होतं गं?" बाईंनी तिला विचारलं.

तिने वडिलांकडे पाहिलं. "घाम फुटतो. दातखिळी बसल्यासारखं होतं. आणि भाजीत मीठ कमी पडलं तरी आईच्या अंगावर धावून जावंसं वाटतं."

वडिलांचे कान लाल झाले.

"पोर गुणाची आहे हो," ते पुटपुटले. "तिच्या नावाला बट्टा लागायला नको."

"इथली गोष्ट या चार भिंतींबाहेर जात नाही. आधी लघवी तपासू, मग पुढचं ठरवू."

बाईंनी झाकणाची छोटी बाटली मुलीपुढे धरली. मुलीने ती घेतली, वडिलांच्या मुठीत ठेवली आणि त्यांची बोटं मिटवली.

"जा बाबा," ती हळूच म्हणाली. "पुडी माझी म्हटलं नसतं, तर तुम्ही इथवर आला असतात का?"