मागून वर जाणारा हात

"शब्द ऐकायला सारखा म्हणून फसायचं नाही, त्याच्या आजूबाजूला नीट बघायचं," बाईंनी पहिलीच्या पोरांना पुन्हा एकदा बजावलं आणि खेळ सुरू केला. प्रत्येकापुढे दोन चित्रं होती, एक झाडाच्या पानाचं, एक पुस्तकाच्या पानाचं. बाईंनी वाक्य म्हणायचं आणि पोरांनी बरोबर चित्र वर धरायचं.

"वाऱ्यानं पान गळून पडलं."

दोन वेण्यांवालीचा हात झटकन वर गेला. तिच्या शेजारची चष्मेवाली मात्र नेहमीसारखी आधी तिच्याकडे बघत राहिली आणि मग तिनं तेच चित्र वर धरलं. आठवडाभर हेच चाललं होतं. एकटी पडली तर ही पोर काय करेल, हे बघावं म्हणून बाईंनी तिला आपल्या टेबलाशी आणून बसवलं.

"गोष्ट पुढे वाचायला मी पान उलटलं."

चष्मेवालीचं चित्र लगेच वर आलं, अगदी बरोबर. वेण्यांवालीची दोन्ही चित्रं मांडीवरच राहिली.

बाई चक्रावल्या. "अगं, तुला तर सगळं यायचं की."

"ती आधी हळूच बोटानं दाखवायची, कुठलं धरायचं ते," वेण्यांवाली पुटपुटली.

बाई टेबलापाशी वाकल्या. "आणि तुला येत होतं, तर तू मागून का हात वर करायचीस?"

चष्मेवालीनं आपली चित्रं एकावर एक नीट ठेवली.

"मी आधी केला असता, तर तुम्ही तिला इथं आणून बसवलं असतं."