संत्र्याच्या बागा

ऋग्वेद बारावीच्या जीवशास्त्रात नापास झाला. हे सध्या विसरू. पेपर उद्या आहे, दुपारचे तीन वाजलेत, आणि सेलूच्या घरात तो शेजारच्या यशोदाकाकूंच्या हातात पुस्तक देतो आहे.

पाठ म्हणून दाखवायचं तर समोर कुणीतरी पुस्तक धरून बसावं लागतं. इतकी वर्षं आई बसायची. आई दिवाळीनंतर गेली. बाबा तळेगावला नोकरीला, शनिवारी येतात. पेपर मंगळवारी होता. तारीख ठरवताना परीक्षा मंडळाने विचारलं नव्हतं.

आईची पद्धत कडक होती. बोट ओळीवर. तो जरा घसरला की म्हणायची, "चूक. परत म्हण." अकरावीपासून विज्ञान इंग्रजीत झालं, तरी आईच्या हातून एकही चूक सुटली नाही.

काकू मात्र गोड होत्या. त्याने वाळवंट म्हटलं. "बराबर." गवताळ प्रदेश म्हटला. "बराबर." भिंतीवरच्या पालीने एक चिलट खाल्लं. अन्नसाखळी तेवढीच होती.

टुंड्राशी येऊन त्याला शंका आली. तो सावकाश म्हणाला, "टुंड्रा प्रदेशात बर्फ असतो आणि संत्र्याच्या बागा असतात."

"बराबर."

"काकू, तुम्हाले इंग्रजी येते काय?"

"मले मराठीबी वाचता येत नाई."

"मग बराबर काऊन म्हणता?"

"तुह्या मायले तरी कुठं इंग्रजी येत होतं? अक्षरबी कळत नाई म्हने. पोरगं थापा मारू लागलं का त्याचा डावा कान लाल होते, म्हने. ते कानच पाहे तुहा."

ऋग्वेदचा हात कानाकडे गेला. "मग तुम्ही काऊन नाई पाहत?"

"पाहून राह्यली न. पन मोतीबिंदू हाये बाप्पा. मले तू सगळाच पांढरा दिसतं."

दुसऱ्या दिवशी टुंड्रावर पाच गुणांचा प्रश्न आला. त्याला बर्फ आठवला. पुढे फक्त संत्री आठवली. तो थांबला. आजूबाजूला चाळीस मुलं खाली मान घालून लिहीत होती. त्याच्या कानाकडे कुणीच पाहत नव्हतं. चूक म्हणायला कुणी नाही म्हटल्यावर त्याने संत्री लिहिली.

निकालानंतर त्याने मंडळाला अर्ज केला. गुणपडताळणी त्याला नको होती.

"महोदय, ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेच्या आदल्या दिवशी अर्जदाराची आई कै. विमलाबाई यांना एका दुपारपुरते पुस्तक धरून समोर बसू द्यावे. त्यांना विषय येत नसल्याने गैरप्रकाराचा प्रश्न उद्भवत नाही. त्या फक्त कान पाहतील. तरी परवानगी मिळावी, ही नम्र विनंती."