उलायुकसाठी मिस्सा

"पाय नीट टेकवा, फादर. करकोच्यासारखे एका पायावर काय उभे राहताय?"

तागुर्नाक जमिनीवर बसून सीलच्या कातड्यावर त्यांच्या पावलाची रेघ ओढत होती. फादर गिल्दास भिंतीचा आधार घेऊन उभे होते.

"दक्षिणेत असले बूट कोण घालतं? तिथे फरशी असते, गरम पाण्याचे नळ असतात."

"म्हणजे तिथे गेल्यावर तुम्हाला दुसरे पाय मिळणार आहेत का?"

फादर हसले आणि हसता हसता खोकू लागले. या खोकल्यापायीच बिशपांनी त्यांना परत बोलावलं होतं. धुकं निवळलं की विमान येणार होतं. म्हाताऱ्या पाद्र्यांच्या आश्रमात त्यांची खोली तयार होती.

फ्रान्सच्या किनाऱ्यावरून ते उत्तर ध्रुवाजवळच्या या खाडीवर आले, तेव्हा तरणेबांड होते. पहिल्या प्रवचनात ते काहीतरी भलतंच बोलून गेले आणि सगळी वस्ती पोट धरून हसली. आता त्यांना स्वप्नंसुद्धा इथल्याच भाषेत पडत. लोकांचा त्यांच्यावर जीव होता आणि चेष्टाही तेवढीच. फादरना खोटं बोलता येत नाही, हा तर वस्तीचा कायमचा विनोद. एकदा पोलिसाने शिकारबंदीच्या दिवसांत मारलेल्या कस्तुरी बैलाबद्दल विचारलं. फादरनी शिकाऱ्याचं नाव सांगितलंच, वर मांस चांगलं शिजलं होतं हेही सांगितलं. तेव्हापासून ते कुणाच्या तंबूत शिरले की कोणीतरी ओरडायचंच, "गप्पा बंद! फादर आले!"

त्यावर फादरही हसत. फक्त उलायुकचं नाव निघालं की त्यांचं हसू मावळायचं.

उलायुक ही उनालिक आणि अत्तुआत यांची मुलगी. सात-आठ वर्षांची होती. तेव्हा दर उन्हाळ्यात डॉक्टरांचं जहाज यायचं आणि ज्याच्या छातीत क्षयाचा डाग दिसेल त्याला दक्षिणेच्या रुग्णालयात घेऊन जायचं. उलायुकच्या छातीत डाग निघाला आणि आईबाप तिला घेऊन किनाऱ्यापासून आतल्या शिकारीच्या तळावर निघून गेले. डॉक्टर फादरना म्हणाले, "तुमचं ऐकतील ते." फादर चालत तळावर गेले. अत्तुआत पोरीला अंगरख्याच्या आत घट्ट धरून बसली होती.

"पुढच्या उन्हाळ्यात बरी होऊन येईल," फादर म्हणाले. "माझा शब्द आहे."

त्याच वेळी पलीकडच्या तळावरून एका मरणासन्न माणसासाठी बोलावणं आलं. उनालिक म्हणाला, "तुम्ही जा. पोरीला मी पोचवतो."

फादर परतले तेव्हा जहाज निघून गेलं होतं.

"पोचवलीस?"

"पोचवली," उनालिक खाली बघत म्हणाला. अत्तुआतने अंगरख्याचं टोपडं तोंडावर ओढून घेतलं.

पुढच्या उन्हाळ्यात जहाज आलं. उलायुक आली नाही. फादरनी एकेका रुग्णालयाला विचारलं. या नावाची मुलगी आमच्याकडे नाही, असंच सगळीकडून उत्तर आलं. तिकडे नावं कशीही लिहून घेत. पोर कुठे, कशी गेली, तिला कुठल्या मातीत पुरलं, काहीच कळलं नाही. उनालिक तर मरेपर्यंत त्यांच्या नजरेला नजर देत नव्हता.

मग दरवर्षी, जहाजाच्या दिवसांत, फादर चर्चमध्ये उलायुकच्या आत्म्याच्या शांतीसाठी मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, अर्पण करू लागले. सगळी वस्ती मान खाली घालून बसायची. अत्तुआतची भाची तागुर्नाक लग्न होऊन दूरच्या एका बेटावरून इथे आली, तेव्हापासून तीही न चुकता पुढच्या बाकावर बसायची. मिस्सा झाली की फादरना गरम सूप आणून द्यायची, जणू त्यांच्याच घरातलं कोणी गेलं होतं.

दार उघडून अत्तुआत आत आली. आता ती वाकली होती. चुलीजवळ बसून तिने हात शेकले.

"तिथे दिवसभर काय करणार, फादर? मासे तरी आहेत का?"

"मासे नाहीत. काम आहे." फादर खुर्चीत टेकले. "आश्रमाजवळच एका जुन्या रुग्णालयाचं कब्रस्तान आहे. तिथे इथलीच माणसं पुरली आहेत, बिननावाची. पुढच्या गावात दुसरं आहे. एकेक बघणार."

"कशाला?"

"तुझ्या पोरीला शोधायला. मी शब्द दिला होता, अत्तुआत."

रेघ ओढणारा तागुर्नाकचा हात थांबला.

"या खोकल्यात?" म्हातारीने विचारलं. "बर्फात थडगी उकरत हिंडणार?"

"जमेल तेवढं. नाहीतर डोळे मिटल्यावर तिला काय तोंड दाखवू?"

"आणि सापडलीच नाही तर?"

"मग मरेपर्यंत शोधेन."

"मावशी," तागुर्नाक हळूच म्हणाली, "पुरे झालं आता."

"बोलू दे तिला," फादर म्हणाले. "मला रागवायचा हक्क आहे तिला. इतक्या वर्षांत एकदासुद्धा रागावली नाही."

अत्तुआत बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांची पांढरी दाढी, थंडीने काळी पडलेली बोटं, कातड्यावर टेकलेली सुजलेली पावलं. तिने टोपडं मागे सारलं आणि तागुर्नाककडे हात केला.

"उलायुक, ये बाळ, त्यांच्यासमोर बस. आता फादर चाललेच आहेत. कळलं तरी चालेल."