शीराचं नको

“काकी, आधीचा तुकडा परत राहिला. फ्रेंचमधे नकाराचे दोन तुकडे असतात. एक क्रियापदाच्या आधी, एक नंतर.”

“एका ‘नाय’मधे भागत नाय व्हय त्यांचं?” हन्ना वैतागली. नातवंडाचं तोंड बघायच्या वयात ही कुठली डोकेफोड!

रामवाडीतल्या गुणाजीच्या टेलिफोन बूथबाहेर बाकड्यावर शिकवणी चालली होती. शिकवणारी गुणाजीची अपेक्षा, कॉलेजात फ्रेंच घेतलेली. आणि गरज सगळी हन्नाची. तिची लेक शीरा इस्रायलला सासरी, त्यात पोटुशी. सासू मूळची फ्रान्सची. परवाच तिकडून आलेला हन्नाचा दीर रूबेन सांगून गेला होता, “पोर पार सुकलीय, वहिनी. विहीणबाई भल्या हायत. पण एकदाच विचारतात. ही नको म्हणते, की त्या भांडं उचलून आत नेतात.” तेव्हापासून हन्नाला अन्न गोड लागत नव्हतं.

“शीराताईलाच सांगा ना, मागून घे म्हणून.”

“सासरी पोर मागून खाईल व्हय गो?”

“मग मी बोलते त्यांच्याशी.”

“नाय. विहिणीशी विहिणीनंच बोलायचं.”

अपेक्षानं दोन बोटांत पेन धरलं. “हे बघा. पेन म्हणजे क्रियापद. एक बोट अलीकडे, एक पलीकडे.”

“असं होय! चिमटा की हा,” हन्ना म्हणाली. “मधे भाकर.” मग तिनं अपेक्षाची ती दोन बोटं पेनावर आणखी आवळून बघितली. “दोन्हीकडनं आवळून नको म्हणणारी माणसं ही. त्यांना आपल्या शीराचं ‘नको’ खरं वाटणार. बाईची तरी काय चूक?”

विहिणीवरचा राग तिथंच उतरला. फ्रेंच बोलायची भीती मात्र होतीच.

तिथली जेवणाची वेळ साधून गुणाजीनं नंबर फिरवला. विहीणबाईंचा आवाज आला. अपेक्षानं रिसीव्हरला पलीकडून कान लावला. हन्नानं पदर सावरला, जणू विहीण समोरच उभी होती, आणि म्हणाली, “कां एल दी नॉं... से पा नॉं.”

म्हणजे, ती नको म्हणते, तेव्हा ते नको नसतं. चिमट्याचं एक पातं गडबडीत राहून गेलंच. अपेक्षानं डोळे मिटून घेतले.

तिकडे रिसीव्हर खाली ठेवल्याचा आवाज आला. मग लांबून काहीतरी बोलणं ऐकू आलं.

“काय म्हणते गो?”

“शीराताईला विचारतायत, अजून वाढू का.”

“आणि शीरा?”

“नको म्हणाली.”

हन्नानं अपेक्षाचं मनगट घट्ट धरलं.

“थांबा, काकी,” अपेक्षा हळूच म्हणाली. “परत विचारतायत.”