दोन बोटं जागा

मधुवंतीने शर्यतीच्या गाडीचा तळ रस्त्यापासून जेमतेम दोन बोटं वर ठेवला होता. एवढ्याशा फटीतून हवा वेगाने निसटली, की गाडी रस्त्याला चिकटून राहणार होती. आज पहिली चाचणी. पण गाडी गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर न्यायची, तर वाटेत गतिरोधक आडवा. त्यावरून गेली असती, तर तळच फुटला असता.

"काका, एवढा खोदून द्या ना," ती सरपंच वामनरावांना म्हणाली.

"देतो ना. सब्बल घेऊन माणूस धाडतो." मग वामनराव हसायलाच लागले. "पण हा तुह्यापायीच बसवला बरं. सायकलवर बसली का तू ब्रेकच नाही दाबे. तुह्ये बाबा रोज ग्रामपंचायतीत येऊन बसत. म्हणत, पोरगी एखाद्या दिवशी हवेत उडून जाईन."

मधुवंती गतिरोधकाकडे बघत राहिली. बाबांना जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं.

"राहू द्या काका," ती म्हणाली.

मग तिच्या चमूतल्या सहा जणांनी गाडी नवरदेवासारखी उचलली आणि गतिरोधकापलीकडे अलगद ठेवली. ती आत बसली.

वामनराव वाकून म्हणाले, "आता तरी हळू चालवजो, बापा."

"हळू नाही काका. ही जितकी जोरात पळते, तितकी जमिनीला घट्ट धरून राहते." हेल्मेटचा पट्टा लावता लावता ती हसली. "बाबांना एवढंच सांगायचं राहिलं."