ज्याची ओरड जास्त

जुने प्रोग्रॅम नव्या कॉम्प्युटरवर चालवून देणारं मोफत सॉफ्टवेअर आम्ही दोघं मित्र नोकरी सांभाळून बघतो. त्यातले बग, म्हणजे चुका, हजारो; म्हणून नियम साधा: ज्याची ओरड जास्त, त्याचा बग आधी. गेम अडकला की चारशे जण डोकं खातात.

एकजण मात्र एकटाच लिहायचा, "घाई नाही, पण माझा टायपिंगचा प्रोग्रॅम मधेच बंद पडतो." मागच्या अपडेटनंतर तो गप्प झाला. दोनदा विचारलं, उत्तर नाही.

"सुटला असेल प्रश्न. टाक तक्रार बंद करून," मी मित्राला म्हणालो.

आज त्या टायपिंगवाल्याच्या बहिणीचा मेल आला.

"तुमच्या अपडेटनंतर दादाचा प्रोग्रॅम उघडतच नाही. त्याचे फक्त डोळे हलतात. डोळ्यांनी अक्षरं निवडून आमच्याशी बोलायचा, तुम्हाला लिहायचा, ते सगळं त्यावरच."